अग्नीचा पल्ला आणि जनतेचा अधिकार

सप्टेंबर २०२५ मध्ये ‘अग्नि-प्राइम’ या क्षेपणास्त्राची रेल्वेवर बसविलेल्या प्रक्षेपकावरून चाचणी झाली. देशाच्या लोहमार्गांवरून हे अस्त्र कोठेही नेता येईल, असे सरकारतर्फे अभिमानाने सांगण्यात आले. शास्त्रज्ञांचे अभिनंदन झाले, आणि त्यांच्या कर्तबगारीविषयी दुमत असण्याचे कारण नाही. परंतु या घोषणेचा दुसरा अर्थ कोणी फारसा उच्चारला नाही. अस्त्र जेथे जाईल तेथे शत्रूची नजरही जाते. सीमेपासून शेकडो कोस दूर असलेली स्थानके आणि त्यांच्या आजूबाजूची वस्ती यापुढे युद्धाच्या नकाशाबाहेर राहिली आहे, असे मानता येणार नाही. युद्ध ज्यांच्या दाराशी येऊ शकते, त्यांना युद्धसिद्धतेविषयी प्रश्न विचारण्याचा अधिकार आहे की नाही, हा या निमित्ताने उभा राहणारा मुख्य प्रश्न होय.

अग्नीचे हे कुटुंब एका दिवसात वाढलेले नाही. १९८३ साली एकात्मिक क्षेपणास्त्र विकास कार्यक्रमाला मंजुरी मिळाली आणि डॉ. अब्दुल कलाम यांच्या नेतृत्वाखाली पृथ्वी, अग्नि, त्रिशूळ, आकाश व नाग अशा पाच प्रकल्पांचे काम सुरू झाले. २२ मे १९८९ रोजी ओरिसातील चांदीपूरहून पहिल्या ‘अग्नी’ने झेप घेतली. त्या वेळी ते केवळ तंत्रज्ञानाचे प्रात्यक्षिक आहे, असे सांगितले गेले होते. पुढे १९९९ मध्ये दोन हजार किलोमीटर पल्ल्याचे ‘अग्नि-२’ आले, २००२ मध्ये सातशे किलोमीटरचे ‘अग्नि-१’, २००७ मध्ये तीन हजारांहून अधिक पल्ल्याचे ‘अग्नि-३’ यशस्वी झाले, २०११ मध्ये चार हजारांचे ‘अग्नि-४’ आणि २०१२ मध्ये पाच हजारांचे ‘अग्नि-५’. मार्च २०२४ मध्ये याच ‘अग्नि-५’ वर एकापेक्षा अधिक अस्त्रशीर्षे बसवून ती निरनिराळ्या लक्ष्यांवर सोडण्याचा प्रयोग झाला. प्रात्यक्षिकाचे अस्त्र झाले, अस्त्राचे कुटुंब झाले. आणि या पस्तीस वर्षांत प्रत्येक पायरी जनतेला कळली ती निर्णय होऊन गेल्यावर.

यात केवळ किलोमीटरची वाढ झाली असती तर गोष्ट निराळी. परंतु नव्या पिढीची ही अस्त्रे सीलबंद नळकांड्यात, म्हणजे ‘कॅनिस्टर’मध्ये, ठेवलेली असतात आणि अल्पावधीत सोडता येतात. अण्वस्त्राचा प्रथम वापर करणार नाही, असे भारताने जानेवारी २००३ मध्ये अधिकृतपणे जाहीर केले. अस्त्रशीर्ष एकीकडे आणि क्षेपणास्त्र दुसरीकडे ठेवण्याची प्रथा त्या प्रतिज्ञेला साजेशी होती. दोहोंमधील अंतर म्हणजे विचार करण्यास मिळणारा वेळ होता. सीलबंद नळकांड्याने हे अंतर मिटण्याचा संभव निर्माण होतो. अनेक शीर्षे वाहणारे एकच अस्त्र हे शत्रूला आधीच घाव घालण्याचा मोह पाडणारे लक्ष्यही ठरते. देशाच्या धोरणाचा आत्माच बदलू शकेल, अशी ही गोष्ट आहे. तिच्यावर संसदेत सांगोपांग चर्चा झालेली नाही.

दिल्लीतील हे मौन मावळाच्या मातीपर्यंत कसे पोचते, हे पाहण्यासारखे आहे. पुण्याजवळ पाषाण येथे स्फोटके आणि घन इंधने यांवर संशोधन करणारी उच्च ऊर्जा पदार्थ संशोधन प्रयोगशाळा आहे. दिघी येथे लष्करी अभियांत्रिकीची संशोधन संस्था आहे. मावळच्या वेशीवर देहूरोडला दारूगोळ्याचे भांडार आणि आयुध निर्माणी आहे. तळेगावला लार्सन अँड टुब्रोचा शस्त्रप्रणालींचा कारखाना आहे. घाटमाथ्यावर लोणावळ्याला नौदलाचे ‘शिवाजी’ हे प्रशिक्षण केंद्र १९४५ पासून आहे. संरक्षणाचा एवढा भार वाहणारे तालुके देशात थोडेच असतील.

या लोणावळ्याच्या केंद्रातच जानेवारी २०१९ मध्ये ‘अभेद्य’ या नावाची प्रशिक्षण सुविधा सुरू झाली. अणुहल्ला, जैविक वा रासायनिक हल्ला झाल्यास जहाजावरील नौसैनिकांनी स्वतःचा बचाव कसा करावा, हे तेथे शिकविले जाते. नौसैनिकांना हे शिक्षण मिळाले, हे उचितच झाले. पण केंद्राच्या कुंपणापलीकडे कुरवंड्याचा परिसर आहे. तेथे इंद्रायणी उगम पावते आणि मावळातून वाहत देहू-आळंदीला जाते. या नदीकाठच्या शेतकऱ्याला, कामशेतच्या बाजारातील दुकानदाराला, वडगावच्या शाळेतील मुलांना असे कोणते शिक्षण मिळाले आहे? कोणतेही नाही, आणि मिळाले तरी त्याचा उपयोग मर्यादितच होणार. अणुयुद्धात जहाज कदाचित अभेद्य ठरेल, गाव ठरणार नाही. याचा अर्थ एवढाच की नागरिकांचे खरे संरक्षण युद्ध टाळण्याच्या राजकारणात आहे, आणि ते राजकारण नागरिकांना वगळून होऊ शकत नाही.

शांततेच्या काळातही हा भार हलका नसतो. देहूरोडच्या भांडाराभोवती दोन हजार यार्डांचे संरक्षित क्षेत्र, म्हणजे लोकांच्या भाषेतील ‘रेडझोन’, आहे. त्यात बांधकामाला बंदी आहे. वर्षानुवर्षे तेथे राहणाऱ्या कष्टकरी कुटुंबांची घरे कायद्याच्या दृष्टीने अधांतरी लोंबकळत आहेत. असे निर्बंध ज्या कायद्याने लादले जातात तो १९०३ चा, म्हणजे परक्या सरकारने केलेला आहे. तरीही निर्बंधांबरोबर नुकसानभरपाई द्यावी, अशी तरतूद त्या परक्या सरकारनेही त्यात ठेवली होती. स्वतंत्र भारतात निर्बंध आठवतात, भरपाईचा विसर पडतो. आणि धोका काल्पनिक नाही. मे २०१६ मध्ये पुलगावच्या दारूगोळा भांडारातील आगीत डझनाहून अधिक जवान आणि अग्निशामक कर्मचारी मृत्युमुखी पडले. जानेवारी २०२५ मध्ये भंडाऱ्याच्या आयुध निर्माणीतील स्फोटाने आठ कामगारांचा बळी घेतला. चाचणीच्या यशाची बातमी पहिल्या पानावर येते. या कामगारांची कुटुंबे दुसऱ्या दिवशी विसरली जातात.

राष्ट्राच्या नावाने भूमी मागणाऱ्या सत्तेला कारणे विचारण्याची परंपरा या मुलखाला नवी नाही. १९२१ मध्ये शेजारच्या मुळशीत टाटांच्या धरणाविरुद्ध मावळे सत्याग्रहाला बसले आणि सेनापती बापटांनी त्यांचे नेतृत्व केले. धरण झाले; पण शेतकऱ्याला विचारल्यावाचून त्याची जमीन घेणे हा अन्याय आहे, ही जाणीव महाराष्ट्रात रुजली. क्षेपणास्त्रांच्या बाबतीत हीच गोष्ट १९८० च्या दशकात ओरिसातील बालियापालच्या शेतकऱ्यांनी केली. चाचणी तळासाठी त्यांची पानमळ्यांची आणि नारळीची सुपीक जमीन हवी होती. गावोगावच्या लोकांनी रस्त्यांवर अडसर उभारले, अधिकाऱ्यांना आत येऊ दिले नाही, आणि तो तळ तेथे झाला नाही. म्हणून देश असुरक्षित झाला, असे कोणी म्हणू शकेल काय?

शेजारी राष्ट्रे शस्त्रसज्ज असताना भारताने हात बांधून बसावे काय, असा प्रतिप्रश्न येथे केला जाईल. तो रास्त आहे. चीनची क्षेपणास्त्रे आहेत. पाकिस्तानने २०१५ मध्ये २७५० किलोमीटर पल्ल्याच्या ‘शाहीन-३’ ची चाचणी केली आहे. परंतु संरक्षणाची गरज मान्य करणे वेगळे आणि संरक्षणाच्या नावावर प्रश्नच बंद करणे वेगळे. २०१७ मध्ये ‘आकाश’ क्षेपणास्त्रांची डागून तपासणी केली असता वीसपैकी सहा अपयशी ठरल्याचे उघड झाले, ते महालेखापरीक्षकांच्या अहवालामुळे. तेव्हा देखरेखीमुळे संरक्षण दुबळे होत नाही. ते बळकटच होते. मार्च २०२२ मध्ये भारताचे एक ‘ब्रह्मोस’ चुकून सुटले आणि पाकिस्तानात जाऊन पडले. त्यावर अस्त्रशीर्ष नव्हते, म्हणून अनर्थ टळला. आंतरखंडीय अंतरे असलेल्या महासत्तांना विचार करायला अर्धा तास तरी मिळे. दिल्ली आणि इस्लामाबादला काही मिनिटेच मिळतात.

शस्त्रे कमी होऊ शकत नाहीत, हेही खरे नव्हे. पाचशे ते साडेपाच हजार किलोमीटर पल्ल्याच्या, म्हणजे जवळजवळ अग्नीच्याच पल्ल्याच्या, जमिनीवरील क्षेपणास्त्रांचा संपूर्ण वर्ग नष्ट करण्याचा करार अमेरिका आणि सोव्हिएत संघाने १९८७ मध्ये केला. १९९१ पर्यंत २६९२ क्षेपणास्त्रे एकमेकांच्या निरीक्षकांसमक्ष मोडण्यात आली. हा करार २०१९ मध्ये संपुष्टात आला, ही दुर्दैवाची गोष्ट. पण जे एकदा घडले ते अशक्य नव्हते, एवढे त्याने सिद्ध केले. भारत आणि पाकिस्ताननेही २००५ मध्ये बॅलिस्टिक क्षेपणास्त्रांच्या चाचण्यांची आगाऊ सूचना परस्परांना देण्याचा करार केला. ‘ब्रह्मोस’सारखी क्रूझ क्षेपणास्त्रे मात्र त्याच्या बाहेर राहिली.

तेव्हा मागण्या अवास्तव नाहीत. आगाऊ सूचनेचा करार क्रूझ क्षेपणास्त्रांपर्यंत वाढवावा. सीलबंद आणि बहुशीर्ष अस्त्रे प्रथम वापर न करण्याच्या प्रतिज्ञेशी कशी सुसंगत आहेत, याची श्वेतपत्रिका सरकारने संसदेपुढे ठेवावी. तांत्रिक गुपिते न फोडता हे करता येते. देहूरोडच्या संरक्षित क्षेत्राची हद्द मराठीतून गावोगाव जाहीर करावी आणि ज्यांच्या हक्कावर निर्बंध आले त्यांना कायद्यानेच सांगितलेली भरपाई द्यावी. आयुध निर्माण्यांतील सुरक्षेची तपासणी कामगार प्रतिनिधींच्या सहभागाने व्हावी. अग्नीचा पल्ला वाढविणे शास्त्रज्ञांचे काम होते आणि ते त्यांनी केले. त्या अग्नीवर जनतेचा अंकुश ठेवणे हे संसदेचे काम आहे, आणि ते अद्याप व्हायचे आहे.