रोम करुणेने बुडाले नाही, विषमतेने बुडाले!

सध्या एक सिद्धांत मोबाईलवर जोरात फिरतो आहे. ख्रिस्ती धर्माच्या दया-क्षमेने रोमन साम्राज्य दुबळे झाले आणि बुद्धाच्या अहिंसेने भारत दुबळा झाला, असा तो सिद्धांत. बेलापूर-श्रीरामपूर भागातल्या कॉलेजच्या मुलांपर्यंतही तो पोहोचला आहे. आपली काही मुले तो वाचून गप्प बसतात. उत्तर माहीत नसले की माणूस गप्प बसतो, म्हणून आम्ही हे उत्तर लिहीत आहोत.

आधी या मालाचे मूळ पाहू. एडवर्ड गिबन या इंग्रज इतिहासकाराने १७७६ ते १७८८ या काळात रोमच्या ऱ्हासावर सहा खंड लिहिले. त्याने अनेक कारणे दिली, त्यांपैकी एक ख्रिस्ती धर्म. आपल्याकडे सावरकरांनी 'सहा सोनेरी पाने' मध्ये तोच आरोप बौद्ध धम्मावर केला आणि आपल्याच राजाचा खून करणाऱ्या पुष्यमित्र शुंगाला राष्ट्ररक्षक ठरवले. बाबासाहेबांनी त्याच घटनेला प्रतिक्रांती म्हटले आहे.

आता तपासणी करू. रोमन साम्राज्याचे पश्चिम आणि पूर्व असे दोन भाग झाले होते. पश्चिमेकडचा शेवटचा सम्राट इ.स. ४७६ मध्ये पदच्युत झाला. पूर्वेकडचे साम्राज्य त्याहून अधिक ख्रिस्ती होते, ते १४५३ पर्यंत टिकले. धर्माने दुबळे केले असते तर आधी कोण बुडायला हवे होते? ४१० मध्ये रोम शहर लुटणारा अलारिक तरी कोण होता? तोही ख्रिस्तीच!

तीच गत अशोकाची. अहिंसेने सैन्य मोडीत काढले म्हणणाऱ्यांनी तेरावा शिलालेख वाचावा. कलिंगाबद्दल पश्चात्ताप व्यक्त करणारा हाच राजा अटवी प्रदेशातल्या लोकांना बजावतो की, शिक्षा करण्याची ताकद आपल्याकडे अजून आहे.

आणि पुरावा फार लांब नाही. बेलापूरहून प्रवरेच्या काठाने खाली गेले की नेवासे लागते. १९५४ ते १९५६ या काळात डेक्कन कॉलेजच्या डॉ. सांकळियांनी तिथे उत्खनन केले, तेव्हा रोमन धाटणीच्या मद्यकुंभांचे तुकडे सापडले. तो सातवाहनांचा काळ. नाशिक, जुन्नर, कार्ले इथली लेणी खोदली जात होती आणि दान देणाऱ्यांत व्यापारी, कारागीर, स्त्रिया होत्या. पहिल्या शतकातला रोमन लेखक प्लिनी तक्रार करतो की, भारत दरवर्षी आमचे ५ कोटी सेस्टर्स ओढून नेतो. धम्म जोरात असताना हा प्रदेश दुबळा नव्हता, रोमचे चांदी-सोने खेचत होता.

मग रोम का ढासळले? हूणांचा रेटा, साथीचे रोग, आपसातली युद्धे ही कारणे आहेतच. पण संकटात जनता राज्यामागे उभी का राहिली नाही, हा खरा प्रश्न आहे.

२१२ मध्ये सम्राट कॅराकॅलाने साम्राज्यातल्या जवळजवळ सर्व स्वतंत्र माणसांना नागरिकत्व दिले. कागदावर सगळे समान झाले. पण न्यायात 'प्रतिष्ठित' आणि 'हीन' अशी विभागणी राहिलीच. एकाच गुन्ह्यासाठी प्रतिष्ठिताला हद्दपारी, हीनाला फटके, खाणीतली मजुरी किंवा श्वापदांपुढे मरण. मनुस्मृतीतली वर्णानुसार शिक्षा आठवली ना?

पुढे तर जन्मच व्यवसाय ठरवू लागला. कायद्याने सैनिकाच्या मुलाला सैन्यात आणि भटारखान्यावाल्याच्या मुलाला भटारखान्यात बांधले. ३३२ मध्ये कॉन्स्टंटाइनने फर्मान काढले की, पळून जाण्याच्या बेतात असलेल्या कुळाला बेड्या घालाव्यात. जन्माने काम ठरवणारे, जमिनीला माणूस बांधणारे रोम जातीच्या वाटेला लागले होते.

३७६ मध्ये हूणांना भिऊन गॉथ लोक आश्रयाला आले. रोमन अधिकाऱ्यांनी त्या उपाशी माणसांना कुत्र्याचे मांस विकले आणि मोबदल्यात त्यांची माणसे गुलाम म्हणून घेतली. दोनच वर्षांत, ३७८ मध्ये, याच गॉथांनी एड्रियानोपलला रोमन सम्राट व्हॅलेन्सचे सैन्य कापून काढले आणि तोही मारला गेला. अलारिकने रोमला वेढा घातला तेव्हा शहरातले हजारो गुलाम त्याला जाऊन मिळाले. पाचव्या शतकातला धर्मोपदेशक साल्व्हियन लिहितो की, करांनी पिळलेले गरीब रोमन स्वतःहून 'रानटी' लोकांकडे पळत होते. ज्या राज्याने आपल्याला माणूस मानले नाही, त्यासाठी कोण मरेल?

हाच प्रश्न पेशवाईला विचारा. १ जानेवारी १८१८ ला भीमा कोरेगावात महार सैनिक कंपनीच्या बाजूने का लढले, असे विचारून आपल्याला देशद्रोही ठरवले जाते. प्रश्न उलटा आहे. पेशवाईने त्यांच्यासाठी आपली म्हणावी अशी कोणती जागा ठेवली होती?

रोमला जे करायला फर्माने लागली, ते इथे धर्माने आणि वतनाने केले. महारवतन म्हणजे तरी काय? तुटपुंजी जमीन आणि बलुते देऊन पिढ्यानपिढ्या गावाची वेठ. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये त्याविरुद्ध मुंबई कायदेमंडळात विधेयक आणले. डिसेंबर १९३९ मध्ये ते आपल्या हरेगावला आले, वतनदार महार, मांग, वेठियांच्या परिषदेत बोलले. कायद्याने वतन संपायला पुढे दोन दशके जावी लागली.

आणि त्याच हरेगावात ऑगस्ट २०२३ मध्ये शेळी आणि कबुतरे चोरल्याच्या संशयावरून दलित मुलांना झाडाला उलटे टांगून मारले गेले. संशय आला की कोणाला पोलीस ठाण्यात न्यायचे आणि कोणाला झाडाला टांगायचे, हे आजही जन्मावरून ठरते. 'प्रतिष्ठित' आणि 'हीन' ही विभागणी रोममध्ये संपली, आपल्या तालुक्यात संपलेली नाही.

रोमचा आणखी एक धडा बाबासाहेबांनी १९३६ मध्येच 'जातिप्रथेचे विध्वंसन' मध्ये दिला आहे. तिथल्या प्लेबियन म्हणजे सामान्य वर्गाला आपला कॉन्सल निवडण्याचा हक्क मिळाला, पण देवतेचा कौल लागे आणि तो सांगणारे पुरोहित वरच्या वर्गाचे. मग नमते घेणाराच प्लेबियन निवडून येई. आज राखीव जागांवर कोण निवडून येतो, कोणाच्या मर्जीने येतो आणि अत्याचारानंतर किती दिवसांनी तोंड उघडतो, हे तुम्हीच पाहा.

तेव्हा मित्रांनो, तो मेसेज पुन्हा आला तर गप्प बसू नका. दोनच प्रश्न विचारा. ख्रिस्ती पूर्व रोम हजार वर्षे अधिक कसे टिकले? आणि ज्यांना तुम्ही गावकुसाबाहेर ठेवले, शस्त्र आणि अक्षर दोन्हींपासून तोडले, त्यांच्याकडून तुम्ही देश वाचवण्याची अपेक्षा कोणत्या तोंडाने केली? देश बंधुतेने टिकतो. संविधानात ती लिहिलेली आहे, ती गावात आणण्याचे काम आपले आहे.

जय भीम! नमो बुद्धाय!