विद्यार्थ्याला दारू पाजणाऱ्या शिक्षकाचे प्रकरण राजीनाम्यावर मिटवू नका
प्रति,
मा. शालेय शिक्षणमंत्री, महाराष्ट्र राज्य

महोदय,

आमच्या तालुक्यातल्या एका शाळेची दहावीची सहल कोकणात गेली होती. रात्री लॉजवर एका सरांनी चार मुलांना खोलीत बोलावून शीतपेयातून दारू पाजली. परतल्यावर एका आईने मुलाची बॅग रिकामी केली, तेव्हा उलटीने माखलेला शर्ट पिशवीत गच्च गाठ मारून तळाशी कोंबलेला सापडला. ती तो शर्ट घेऊनच शाळेत गेली. सरांनी ‘वैयक्तिक कारणास्तव’ राजीनामा दिला. संस्थेने तो लगोलग मंजूर केला, वर अनुभवाचा दाखलाही दिला. मुलांना मात्र शाळा सोडल्याच्या दाखल्यावर शेरा मारण्याची तंबी मिळाली.

बाल न्याय अधिनियम, 2015 च्या कलम 77 नुसार 18 वर्षांखालील मुलाला दारू देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे. कायदा कडक आहे, पण 2021 च्या दुरुस्तीने तीन ते सात वर्षे शिक्षेचे गुन्हे अदखलपात्र केले. त्यामुळे दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत. ठाण्यात गेलेल्या पालकांच्या हाती एनसीची पावती पडते आणि कोर्टात जायला सांगितले जाते. रोजंदारी बुडवून कोर्टाच्या पायऱ्या कोण चढणार? आमची पहिली आणि सर्वांत निकडीची मागणी हीच, की कलम 77 चा गुन्हा पुन्हा दखलपात्र करावा. त्यासाठी राज्याने केंद्राकडे आग्रह धरावा, किंवा स्वतःची दुरुस्ती विधिमंडळात आणून राष्ट्रपतींच्या संमतीसाठी पाठवावी.

दुसरे, अशी तक्रार आल्यावर चौकशी पूर्ण होईपर्यंत राजीनामा मंजूर करण्यास मनाई असावी. 1981 च्या खासगी शाळा नियमावलीनुसार चौकशी समितीवर संस्थेचा एक, कर्मचाऱ्याने सुचवलेला एक आणि एक पुरस्कारप्राप्त शिक्षक असतो. मुलाच्या बाजूने बोलणारे तिथे कोणीच नाही. अशा प्रकरणात बाल कल्याण समितीचा सदस्य घ्यावा. आरोप सिद्ध झाल्यास त्याची नोंद शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलवर व्हावी, म्हणजे तोच माणूस दुसऱ्या जिल्ह्यात पुन्हा फळ्यासमोर उभा राहणार नाही. खासगी क्लासच्या शिक्षकांना ही नियमावली लागू नाही. त्यांच्यासाठी वेगळी तरतूद हवी.

शिक्षकांवर आमचा राग नाही. आमच्यातलेही काहीजण शिक्षक आहेत. खोट्या तक्रारीत कोणी भरडला जाऊ नये, म्हणूनच आम्ही बडतर्फीआधी रीतसर चौकशी मागतो. मात्र ‘मुलांनीच मागितली’ हा बचाव कोणत्याही टप्प्यावर ऐकून घेऊ नये. महाराष्ट्रात बिअरसाठीही वयाची अट 21 आहे. पंधरा वर्षांच्या मुलाने हट्ट केला, तरी नाही म्हणणे हे सरांचे काम होते.

मुलांवर कसलीही कारवाई होऊ नये, दाखल्यावर शेरा नसावा आणि समुपदेशन शाळेबाहेरच्या व्यक्तीकडून व्हावे. सहलीच्या संमतीपत्रावर 1098 हा चाइल्डलाइनचा क्रमांक छापावा. मुक्कामाच्या सहलीत एक तरी पालक सोबत असावा, जाण्या-येण्याचा खर्च आम्ही उचलू.

त्या आईने तो शर्ट अजून धुतलेला नाही. चौकशी बसली की समितीपुढे ठेवायचा, म्हणून तिने तो जपून ठेवला आहे.

आपले,
पालक संघाचे सर्व सदस्य