वाफेच्या इंजिनाचा अंगरखा

समोरून वारा सुटला म्हणजे सायकलीवरचा मुलगा आपोआप मान खाली घालून वाकतो. त्यास ते कोणी शिकविलेले नसते. वाऱ्याने अडवावा असा देहाचा पसारा कमी केला की श्रम वाचतात, हे त्याचे अंगच त्यास सांगते. १९३० नंतरच्या दशकात युरोप-अमेरिकेतील रेल्वे-अभियंत्यांनी आपल्या अवजड वाफेच्या इंजिनांना हाच धडा शिकविण्याचा खटाटोप केला. बॉयलर, धुराडे, नळ्या, दांडे हा सारा उघडा संसार गुळगुळीत पोलादी पत्र्याखाली झाकला, आणि इंजिनास माशासारखा निमुळता, प्रवाहरेखित आकार दिला. या उद्योगात हॉलंडसारखे चिमुकले राष्ट्रही सामील झाले होते. मोठ्यांच्या पराक्रमापेक्षा या लहानग्याचा हिशेबच आम्हांस अधिक बोधप्रद वाटतो.

प्रथम शास्त्र पाहू. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ४० किलोमीटर वेगास जो विरोध होतो, त्याच्या चौपट विरोध ८० किलोमीटरला होतो. आणि तो मोडून पुढे जाण्यास लागणारी शक्ती आठपट होते. म्हणून मंद चालीच्या गाडीस निमुळते नाक असले काय, नसले काय, फरक नगण्य. खरा लाभ दिसतो तो अतिवेगाच्या गाडीस. ११ मे १९३६ रोजी जर्मनीच्या '०५ ००२' या प्रवाहरेखित इंजिनाने ताशी २००.४ किलोमीटर वेग गाठला. ३ जुलै १९३८ रोजी इंग्लंडात सर नायजेल ग्रेस्ली यांच्या 'मॅलार्ड'ने उतारावर ताशी १२६ मैल, म्हणजे सुमारे २०३ किलोमीटर वेग गाठून तो विक्रम मोडला. त्या धावेत मधल्या सिलिंडरच्या दांड्याचे बेअरिंग तापून निकामी झाले, ही गोष्टही विक्रमाबरोबर ध्यानी ठेवण्याजोगी आहे.

आता हॉलंडकडे वळू. तेथील पहिली आगगाडी २० सप्टेंबर १८३९ रोजी ॲम्स्टरडॅम ते हार्लेम धावली. आपल्या बोरीबंदर-ठाणे गाडीच्या आधी चौदा वर्षे. देश सपाट, गावे दाट, स्थानके जवळजवळ. तेथील वाफेच्या युगाचा खरा कणा म्हणजे ३७०० वर्गाची इंजिने. चार सिलिंडरांची ही इंजिने १९१० पासून बांधली गेली, आरंभी मँचेस्टरच्या बेयर-पीकॉक कारखान्यात आणि पुढे ॲम्स्टरडॅमच्या वेर्कस्पोर आदी कारखान्यांत. एकंदर १२० झाली. लोक त्यांना लाडाने 'जंबो' म्हणत. १९३० नंतरच्या दशकाच्या मध्यास याच जंबोंपैकी मोजक्या इंजिनांना पत्र्याचा अंगरखा चढविण्यात आला. त्या बोजड, गोलाकार तोंडाकडे पाहून लोकांनी नवे नाव ठेवले 'पॉटव्हिस', म्हणजे मोठ्या डोक्याचा देवमासा. लोकांची थट्टा पुष्कळदा अभियंत्यांच्या अहवालापेक्षा नेमके बोलते.

हा अंगरखा चढविण्याची निकड का भासली? जगभर मंदी होती, आणि मोटारी व बसगाड्या उतारू पळवीत होत्या. जुनाट, काजळी फेकणाऱ्या रेल्वेवर लोकांची नजर पुन्हा खिळविणे भाग होते. तथापि याच सुमारास हॉलंडच्या रेल्वेने दुसराही एक मार्ग धरला होता. १९३४ साली तिने तीन-तीन डब्यांच्या चाळीस डिझेल-विद्युत प्रवाहरेखित गाड्या रुळांवर आणल्या. प्रारंभी त्यांत बिघाड झाले. पण नवेपणाचे ते दुखणे होते, दुरुस्त होण्याजोगे. १९३६ मध्ये त्याच घाटाच्या विद्युत गाड्या आल्या, आणि १९३८ साली उट्रेख्तभोवतीच्या मध्यवर्ती मार्गांचे विद्युतीकरण झाले.

येथे दोन वाटांतील भेद स्पष्ट होतो. एकीत आतील यंत्र तेच, वरचे वस्त्र नवे. दुसरीत यंत्रच नवे, आणि वस्त्र त्याच्या गतीस शोभणारे. पहिल्या वाटेचा भुर्दंड मुकाट्याने कोणी भरला? शेडमधील फिटरने. उघड्या इंजिनाच्या दांड्यास तेल घालणे, बेअरिंग तपासणे हे चटकन होई. आता प्रत्येक वेळी पत्रा उघडावा लागे. प्रवाहरेखित इंजिनांपुढे धुराचाही प्रश्न असे. तो वर न उडता ड्रायव्हरच्या डोळ्यांपुढे उतरला तर पुढचा सिग्नल दिसणे कठीण. इंग्लंडातील 'कॉरोनेशन' वर्गाच्या इंजिनांचा असाच पत्रा युद्धानंतर उतरविण्यात आला.

तरीही आम्ही या अंगरख्यास केवळ ढोंग म्हणणार नाही. अतिवेगाच्या लांब पल्ल्यास तो खरोखर उपयोगी होता. जेथे गाडी वेग घेते न घेते तोच पुढचे स्थानक येते, तेथे मात्र त्यातून फारसे काही वाचण्याजोगे नव्हते. औषध खोटे नव्हते. रोगी निराळा होता.

आपल्या वाचकांनीही असे एक निमुळते नाक पाहिले असेल. १९४७ मध्ये अमेरिकेच्या बाल्डविन कारखान्याकडून आलेली डब्ल्यूपी इंजिने, बंदुकीच्या गोळीसारखे तोंड असलेली, ब्रॉडगेजवर मेल-एक्स्प्रेस ओढीत असत. १९६७ पर्यंत ती ७५५ झाली. त्यांतील काही आपल्या चित्तरंजन येथेच बांधली गेली. त्यांच्या नाकाचा उपयोग शोभेपुरताच. पण आतील यंत्र दणकट होते, म्हणून ती दीर्घकाळ टिकली.

हॉलंडात महायुद्धाने गाड्यांची धूळधाण केली, तेव्हा देश पुन्हा उभारताना राबली ती साधी वाफेचीच इंजिने. इंग्लंड-स्वीडनकडूनही काही आणावी लागली. विद्युतीकरण पुरे होत आले तसा त्यांना निरोप मिळाला. ७ जानेवारी १९५८ रोजी ३७३७ क्रमांकाच्या जंबोने शेवटची फेरी करून उट्रेख्तच्या रेल्वे संग्रहालयात मुक्काम केला. आज तेथे ते उभे आहे, अंगरख्याविना, आपल्या मूळ रूपात.

कोणतीही संस्था अडचणीत आली म्हणजे प्रथम तिला वेष बदलण्याचा मोह होतो. वेषाचा खर्च थोडा आणि बोलबाला मोठा. हॉलंडच्या रेल्वेसही तो मोह झाला; पण मोजक्या इंजिनांना पत्रा चढविता चढविता तिने देशभर विजेच्या तारा ओढण्याचे खरे काम थांबविले नाही. तिचे शहाणपण आम्हांस यातच दिसते.