हँड गिअर की फ्लोअर गिअर?

(द्वितीय वर्ष, कला)

वार्षिकांकात मोटारीच्या गिअरवरचा लेख पाहून काहींच्या भुवया उंचावतील. कला शाखेच्या विद्यार्थिनीने स्त्रीमुक्ती, हुंडा किंवा ग्रामीण साहित्य यांवर लिहावे असा संकेत आहे. पण आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेली नाही, आणि माझी फी येते ती वडिलांच्या गॅरेजमधून. ज्या विषयावर आमच्याकडे जेवताना वाद होतो, त्यावर चार शब्द लिहिले तर प्राध्यापक आणि मित्रमैत्रिणी रागावणार नाहीत अशी आशा आहे.

वाद असा : जुन्या पद्मिनीचा स्टिअरिंगजवळचा गिअर, ज्याला गॅरेजमध्ये सगळे हँड गिअर म्हणतात, तो काढून खाली जमिनीवर बसवावा का?

हा हँड गिअर काही मागासलेपणाची खूण नव्हे. 1930 च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत तो नवी सोय म्हणून आला. दांडा वर गेला की पुढची जागा मोकळी होते आणि सलग बाकासारख्या सीटवर तिसरा माणूस बसू शकतो. आपल्याकडे अँबॅसिडर आणि फियाट या दोन्ही गाड्यांनी हीच सोय पुरवली. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून 1964 पासून फियाट 1100 डी निघू लागली, तिलाच 1974 साली पद्मिनी हे नाव मिळाले. मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सीवाल्यांच्या दोन-तीन पिढ्यांचा डावा हात त्या दांड्यावर घडला.

मग हवा बदलली. डिसेंबर 1983 मध्ये मारुती 800 आली, तिचा गिअर खाली. 1985 ची प्रीमियर 118 एनई, गिअर खाली. 1990 च्या दशकात इसुझू इंजिनाची अँबॅसिडर आली, तिचाही खालीच. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नवी पिढी त्याच गिअरवर शिकली. म्हणजे हँड गिअर वाईट ठरला म्हणून गेला नाही, तो शिकवणारे आणि दुरुस्त करणारे कमी झाले.

त्याची तक्रार ठरलेली असते. गिअर ढिला पडतो, सापडत नाही, कधी दोन गिअरांत अडकून बसतो. कारण बहुधा गिअरबॉक्समध्ये नसतेच. स्टिअरिंगपासून गिअरबॉक्सपर्यंत सळया आणि रॉड जातात, त्यांच्या सांध्यांत बुश असतात. ते झिजले की प्रत्येक सांध्यात थोडी थोडी ढिलाई येते, आणि तिची बेरीज शेवटी ड्रायव्हरच्या हातात लागते. बुश बदलून रॉडची लांबी नीट जुळवली की गिअर पुन्हा गुमान पडतो. काम स्वस्त आहे, पण वेळखाऊ आणि जाणत्या हाताचे आहे.

खालचा गिअर बसवणे मात्र केवळ दांडा हलवणे नाही. बहुतेक वेळा दुसऱ्या गाडीचा गिअरबॉक्स आणावा लागतो. तो इंजिनाला थेट जुळत नाही, मध्ये प्लेट घालावी लागते. त्याचा आधार नव्याने वेल्ड करायचा. प्रॉपेलर शाफ्ट कापून लांबी जुळवायची आणि पुन्हा बॅलन्स करून घ्यायची, नाहीतर गाडी वेगात थरथरते. जमिनीचा पत्रा कापायचा आणि सलग सीट काढून तिथे दोन वेगळ्या बसवायच्या. एवढे झाल्यावर गाडीत पद्मिनीचे काय उरले हे ज्याचे त्याने ठरवावे.

मागच्या वर्षी एक गृहस्थ अशीच एक पद्मिनी घेऊन आले. हौसेने विकत घेतलेली. त्यांना फ्लोअर गिअरच हवा होता आणि पैशाची अडचण नव्हती. वडील म्हणाले, "साहेब, आधी बुश बदलून देतो. महिनाभर चालवून बघा. नाही पटलं तर पुढचं बोलू." गृहस्थांना ते पटले नाही. त्यांनी गाडी दुसरीकडे नेली. माझा भाऊ त्या दिवशी जेवला नाही. त्याचे म्हणणे साधे होते : गाडी त्यांची, पैसा त्यांचा, आणि आपल्याला जुने जपण्याची चैन परवडते का? त्या महिन्यात माझी परीक्षा फी भरायची होती, ती उधारीवर भरली गेली.

भावाचा प्रश्न खोटा नाही. जुने जपा असे सांगणारे बहुतेक पोट भरलेले असतात. दिवसाचे बारा तास टॅक्सी चालवणाऱ्याने आपल्या हाताला सोपे पडावे म्हणून गाडीत फेरफार केला, तर त्याला नावे ठेवण्याचा अधिकार मला नाही. पण त्या टॅक्सी आता नाहीत. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी 2003 च्या ऑक्टोबरात नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपून 2023 च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून उतरली. आज पद्मिनी राखणारा पोटासाठी राखत नाही, आठवणीसाठी राखतो. मग आठवण म्हणून जी वस्तू घ्यायची, तिचाच पत्रा का कापायचा?

कायद्यानेही हे ओळखले आहे. 2021 च्या केंद्रीय नियमांप्रमाणे व्हिंटेज मोटार म्हणजे पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे उलटलेली, मूळ रूपात राखलेली, चासी, बॉडी वा इंजिनात मोठे फेरफार न झालेली गाडी. 1974 च्या पद्मिन्या नुकत्याच या वयाला पोचल्या आहेत.

आम्ही इतिहासाच्या तासाला ऐकतो की जुन्या देवळाच्या कोरीव कामावर ऑइलपेंट फासणे हा गुन्हा आहे. आम्ही माना डोलावतो. तोच न्याय कुर्ल्याच्या कामगारांनी घडवलेल्या वस्तूला का लावू नये? तीही माणसांच्या हातची कारागिरी आहे. आणि ती पोथीत नाही, मिस्त्रींच्या बोटांत आहे. प्रत्येक कापलेल्या पत्र्याबरोबर बुश जुळवणाऱ्या हाताचे एक काम कमी होते. काम नाही म्हणून पुढे कुणी ते शिकत नाही, आणि कुणी शिकलेला नाही म्हणून पुन्हा पत्रा कापला जातो.

म्हणून माझे मत असे. आधी दुरुस्ती करावी. तरीही बदल हवाच असेल, तर जो बदल उद्या उलटवता येईल तेवढाच करावा आणि काढलेला प्रत्येक भाग गाडीबरोबर जपून ठेवावा. जे कापल्यावर पुन्हा जोडता येत नाही, त्याला हात लावू नये. भावाला हे अजून मान्य नाही. त्याला मी एवढेच सांगते की वडिलांनी त्या दिवशी गिऱ्हाईक घालवले, पण आपल्या हुन्नराची किंमत कमी केली नाही. आणि ज्यांना अशा गाड्यांची हौस आहे, त्यांनी कटर हाती घेणाऱ्याआधी बुश बदलणारा शोधावा. तो आजही आहे. त्याला काम मिळाले तर त्याचा हात राहील, आणि कदाचित त्याच्या मुलांची फीही वेळेवर भरली जाईल.