भिंत विद्रूप कोण करतो?

१/ भिंतीवरील राजकीय घोषणा म्हणजे विद्रूपीकरण, हे मत आज इतके रूढ झाले आहे की ते तपासून पाहण्याची गरज कुणालाच भासत नाही. तपासणीची सुरुवात सोलापूरपासून करावी. 🧵

२/ ६ एप्रिल १९३० रोजी सोलापूर नगरपालिकेवर राष्ट्रध्वज फडकला. मे महिन्यात गांधीजींच्या अटकेनंतर शहर पेटले, गोळीबार झाला आणि १२ मे रोजी मार्शल लॉ पुकारला गेला. त्या अंमलात तिरंगा मिरवणे हाही गुन्हा ठरला.

३/ बंदुकीला कापडाचे भय का वाटावे? १९३१ च्या जनगणनेनुसार देशातील साक्षरता दहा टक्क्यांहूनही कमी होती. सोलापूरच्या गिरण्यांत मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी बोलणारे कामगार खांद्याला खांदा लावून राबत. एकच वृत्तपत्र या सर्वांपर्यंत पोहोचणे अशक्य होते. चौकातला ध्वज मात्र प्रत्येकाला वाचता येई.

४/ छापखान्याची वाटही मोकळी नव्हती. १९३० च्या वटहुकुमाने वृत्तपत्रांकडून जामीन मागण्याचा अधिकार सरकारने घेतला होता. १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन फासावर गेले. त्यांतील कुर्बान हुसेन हे ‘गझनफर’ पत्राचे संपादक होते.

५/ कागद अडवला की भिंत बोलू लागते. १९४२ चे ‘चले जाव’, पुढे ‘संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे’. खडू, चुना किंवा गेरू पुरे. ना भांडवल, ना परवाना, ना लिहिणाऱ्याचे नाव. आणि पुसलेल्या घोषणेचा डागही लोक वाचतातच.

६/ आक्षेप रास्त आहे: भिंत कुणाच्या तरी मालकीची असते, आणि तिच्यावर द्वेषही लिहिला जातो. घरमालकाची तक्रार ऐकलीच पाहिजे. द्वेषासाठी स्वतंत्र कायदे आहेत. परंतु त्यावरून भिंतीवरचे प्रत्येक अक्षर गुन्हेगार ठरत नाही.

७/ महाराष्ट्रात १९९५ पासून मालमत्ता विद्रूपीकरणाविरुद्ध कायदा आहे. तरीही वाढदिवसाचे फ्लेक्स चौकाचौकांत झळकतात आणि अनधिकृत फलक हटवण्याचे आदेश उच्च न्यायालयाला पुनःपुन्हा द्यावे लागतात. पैसेवाल्याचा चेहरा ‘शुभेच्छा’ ठरतो, निनावी मागणी तेवढी ‘घाण’!

८/ चार हुतात्म्यांचे पुतळे उभारणाऱ्या शहराने तरी हा भेद विसरू नये. सार्वजनिक जागेत काय दिसावे हे सत्ता आणि पैसा यांनीच ठरवायचे असेल, तर १९३० च्या त्या बंदीला चूक म्हणण्याचा अधिकार आपल्याला उरतो का?