रेषेमागची रीत

सचेतनपटाची, म्हणजे ज्याला आपण अ‍ॅनिमेशन म्हणतो त्याची, कला शिकू पाहणाऱ्या एखाद्या मुलाची वही उघडून पाहावी. तिच्यात बहुधा गाजलेल्या चित्रपटांतील पात्रे हुबेहूब उतरवलेली आढळतात. घरची मंडळी कौतुक करतात आणि मुलालाही आपण थोरांच्या पंक्तीला बसण्याच्या वाटेवर आहोत असे वाटू लागते. यात वावगे काही नाही. आपण सारेच कित्ता गिरवून लिहायला शिकलो. तथापि अनुभवी कलावंतापासून विद्यार्थ्याने घ्यावयाची मुख्य वस्तू त्याचे चित्र नव्हे, तर त्याची काम करण्याची रीत होय, असे माझे मत आहे. ही रीत पडद्यावर दिसत नाही. ती विचारून, शेजारी बसून, श्रमाने मिळवावी लागते.

हा भेद आपल्याला नवा नाही. समर्थ रामदासांनी ‘दासबोधा’त लेखनक्रियेवर एक स्वतंत्र समास रचला. अक्षर वाटोळे व सुटे असावे एवढे सांगून ते थांबले नाहीत. बोरू, शाई, कागद अशा साधनांचीही त्यांनी कसून चौकशी केली. चांगले अक्षर हाताच्या सवयींतून येते आणि सवयी कित्त्यावर उमटत नाहीत, हे त्यांना पक्के ठाऊक होते.

सचेतनपटाच्या बाबतीत तर ही गोष्ट अधिकच खरी आहे. पडद्यावरून एका सेकंदात २४ चौकटी सरकतात. एकेक चित्र दोन-दोन चौकटी ठेवले, तरी सेकंदाला १२ चित्रे लागतात आणि दहा मिनिटांच्या चित्रपटात एकच पात्र सतत हलते ठेवायचे म्हटले, तर ७,२०० चित्रे होतात. प्रेक्षक यांतील एकही चित्र सुटे पाहत नाही. त्याला दिसते ती हालचाल, म्हणजे एका चित्राचा दुसऱ्या चित्राशी असलेला संबंध. म्हणूनच सुंदर चित्रे काढणाऱ्याची पात्रेही चालू लागली, की पुष्कळदा वजन नसल्यासारखी तरंगतात. माणूस चालतो तेव्हा पुढचे पाऊल जमिनीवर टेकल्यानंतर गुडघा किंचित वाकतो आणि सारे शरीर, डोक्यासह, खाली येते. मग दुसरा पाय पुढे निघतो तसतसे ते पुन्हा वर उचलले जाते. हा चढउतार ज्याने चित्रांत धरला, त्याच्या पात्राला वजन लाभते. पात्राची नक्कल करून ही विद्या हाती लागत नाही, कारण नकलेत एकच क्षण असतो.

रिचर्ड विल्यम्स या कलावंताचे चरित्र या दृष्टीने मला फार बोधप्रद वाटते. त्यांचा जन्म १९३३ मध्ये कॅनडातील टोरांटो येथे झाला आणि पुढे लंडनला त्यांनी आपली चित्रशाळा थाटली. त्यांच्या पहिल्याच चित्रपटाला, १९५८ च्या ‘द लिटल आयलंड’ला, ब्रिटिश अकादमीचे पारितोषिक मिळाले. कामे चालून येत होती, नाव झाले होते. अशा वेळी बहुतेक माणसे शिकणे संपवतात. विल्यम्स यांनी १९६७ चा ‘द जंगल बुक’ पाहिला आणि ज्या सफाईने त्यातली पात्रे वावरतात ती आपल्याला मुळीच साधलेली नाही, हे त्यांच्या ध्यानी आले. ते पुन्हा विद्यार्थी झाले.

त्यांनी गुरू शोधले तेही सारे वयोवृद्ध. केन हॅरिस हे सत्तरीला टेकलेले गृहस्थ. हॉलिवूडमधील वॉर्नर ब्रदर्सच्या ज्या विभागात त्यांनी उमेदीची वर्षे घालवली, तो १९६३ मध्येच बंद पडला होता. विल्यम्स यांनी त्यांना आपल्या चित्रशाळेत कामाला घेतले आणि स्वतः त्यांचे मदतनीस बनले. पगार देणारा शिष्य आणि पगार घेणारा गुरू, असा हा उलटा संसार होता. आर्ट बॅबिट हे डिस्नेच्या चित्रशाळेतून आलेले चिकित्सक बुद्धीचे कलावंत. १९७३ मध्ये लंडनच्या चित्रशाळेत त्यांनी सर्वांना पाठ दिले. बेटी बूप या पात्राचे जनक ग्रिम नॅटविक हे तर या सर्वांहून वडील.

या मंडळींपासून त्यांना मिळाले ते किती साधे होते! चित्रे काढण्यापूर्वी पुष्कळ विचार करावा. हालचालीची मुख्य चित्रे आधी निश्चित करावीत आणि मधली नंतर भरावीत. मधले चित्र नेमक्या मध्यावरच पडले पाहिजे असे नाही, ते कुठे ठेवले यावर हालचालीचा सारा स्वभाव अवलंबून असतो. ‘द जंगल बुक’मधील शेरखान वाघ ज्यांनी सजीव केला त्या मिल्ट काल यांना विल्यम्स यांनी एकदा विचारले, की काम करताना आपण संगीत ऐकता काय? काल संतापले. एका वेळी दोन गोष्टींचा विचार करण्याइतका मी हुशार नाही, अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिले. कानांत संगीत खोचून गृहपाठ करणाऱ्या मुलांना ही गोष्ट मी मुद्दाम सांगतो. त्यांना ती फारशी आवडत नाही!

कोणी म्हणेल, अशाने शिष्याची स्वतंत्र प्रतिभा गुदमरेल. गुरूचे चित्र उचलले तर ती अवश्य गुदमरेल. रीत मात्र गुरूची असूनही तिच्यातून निघणारे चित्र शिष्याचेच असते. १९८८ च्या ‘हू फ्रेम्ड रॉजर रॅबिट’साठी विल्यम्स यांनी ससा रंगवला; तो त्यांच्या गुरूंपैकी कोणाच्याही नावावर सांगता येणार नाही. दुसरा आक्षेप आजच्या काळातला आहे. यंत्राला सांगितले की ते क्षणार्धात हलते चित्र तयार करून देते, मग हा खटाटोप कशाला? यंत्र चित्र देईल हे मी नाकारत नाही. परंतु पाऊल टेकल्यावर शरीर कोठे जाते हे ज्याने कधी निरखलेच नाही, त्याला यंत्राने दिलेली चाल खरी की खोटी हे कसे कळणार? तो जे मिळेल ते मुकाट्याने घेईल.

मला खरी चिंता निराळीच वाटते. हॅरिस, बॅबिट यांच्याजवळचे ज्ञान त्यांच्याबरोबरच लोपले असते. कोणीतरी वेळीच विचारले, लिहून घेतले आणि २००१ मध्ये त्याचा मोठा ग्रंथ केला, म्हणून ते जगभरच्या विद्यार्थ्यांपर्यंत पोचले. आपल्याकडेही अशी परंपरा आहे. १९५६ मध्ये डिस्नेच्या चित्रशाळेत काम केलेले क्लेअर वीक्स मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये शिकवण्यास आले. तेथील नवख्या तरुणांत राम मोहन होते. जातककथेवरील ‘द बॅनियन डीअर’ हा १९५७ चा चित्रपट त्या शिक्षणातून निघाला. राम मोहन यांनी पुढे अनेकांना घडवले आणि २०१४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या हाताखाली शिकलेली माणसे आज आपल्यात आहेत. सुटीत त्यांच्यापैकी एखाद्याच्या मेजापाशी जाऊन दोन तास नुसते बसावे, असे अ‍ॅनिमेशनच्या किती विद्यार्थ्यांना सुचते?

विल्यम्स आणि राम मोहन दोघेही २०१९ मध्ये निवर्तले. त्यापूर्वी, २०१५ मध्ये, ब्याऐंशी वर्षांच्या विल्यम्स यांनी ‘प्रोलॉग’ हा काही मिनिटांचा चित्रपट पुरा केला होता. त्यातली चित्रे त्यांनी स्वतःच्या हाताने कागदावर पेन्सिलीने काढली होती आणि तो त्यांच्या मते एका मोठ्या चित्रपटाचा केवळ आरंभ होता.