तोड्याची बंदूक की धनुष्य?

मुलांनो, 'शोगुन: टोटल वॉर' हा २००० साली निघालेला संगणकावरचा खेळ. सोळाव्या शतकातला जपान, आपापसांत झुंजणारे सरदार, आणि त्यांतले एक तुम्ही! खेळणाऱ्यांचा ठरलेला वाद म्हणजे तोड्याच्या बंदुका घ्याव्यात, की धनुर्धारीच बरे? बंदूकवाले लगेच नागाशिनोचं नाव काढतात. १५७५ साली तिथे ओदा नोबुनागाच्या बंदूकधाऱ्यांनी लाकडी कुंपणाआडून ताकेदांचं घोडदळ मोडलं. खरंच आहे ते. पण दुसरे हळूच विचारतात, "आणि पाऊस आला तर?" तोडा म्हणजे जळती वात, ती भिजली की बार उडतोय कुठला! खेळातही तसंच ठेवलंय, हे मला फार आवडलं. मी तर थोडे धनुर्धारी जवळ ठेवीनच. तुम्ही काय कराल? बाबांनाही विचारा बरं!